काय व्हयनं व्हतं तिले?

आमच्या घराण्यात आजवर जेवढी माणसं मेली, त्यांच्या मरणाची जितकी चौकशी आमच्या फुईनं केली, तितकी त्यांच्या जिवंतपणी कोणी केली नसेल. फुई म्हणजे माझी मोठी नणंद. आत्याला नंदुरबारकडे फुई म्हणतात. माझी मुलगी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले, आणि हळूहळू अख्खी गल्लीच तिची भाची झाली. मी लग्न होऊन संगमनेरकडून इथे आले तेव्हा मला अहिराणीचा एक शब्द समजत नव्हता. पहिला समजला तो फुईचा प्रश्न. लग्नाला आठच दिवस झाले होते. नात्यातल्या कुणा म्हाताऱ्या काकूच्या दशक्रियेला आम्ही गेलो होतो, बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, आणि फुईनं त्या काकूच्या सुनेच्या शेजारी बैठक मारून सरळ विचारलं, “काय व्हयनं व्हतं तिले?” सून म्हणाली, म्हातारपण. फुईला हे उत्तर अजिबात चालायचं नाही. “म्हातारपनमुये कोनी मरत नही. म्हातारपन हाई वय शे, आजार नही,” असं तिनं त्या भरल्या घरात ठणकावलं, आणि खोकला होता का, पाय सुजत होते का, लघवी साफ व्हायची का, असं एकेक विचारत त्या सुनेला इतकं पिडलं की ती बिचारी रडायचं विसरून उत्तरं देत बसली. घरी आल्यावर फुईनं आपली जाड वही काढली आणि काकूच्या नावापुढे लिहिलं : हृदय.

ती वही म्हणजे लसीकरणाचं एक जुनं, उरलेलं रजिस्टर होतं. फुई सरकारी आरोग्यसेविका. तीस वर्षं तिनं धडगावच्या आसपासच्या डोंगरातल्या पाड्यांवर काढली. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, “लगीननं बोलनं चालू व्हतं, तवढामा बदलीनी ऑर्डर उनी.” खरंखोटं देव जाणे, पण हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नसायचा, उलट ऑर्डर वेळेवर आली असाच एकूण सूर असायचा. घाटातल्या वडापच्या जीपमध्ये ती नेहमी ड्रायव्हरच्या शेजारी बसायची आणि वळण आलं की पायाखाली नसलेला ब्रेक दाबायची. ती जागा ती फक्त गरोदर बाईला द्यायची. एकदा एका पुढाऱ्यानं मागितली तेव्हा तिनं त्याला विचारलं होतं, कितवा महिना? डोंगरातल्या बायकांशी ती त्यांच्या पावरी बोलीत बोलायची, घरी अहिराणीत, आणि राग आला की थेट पुस्तकी मराठीत. फुईच्या तोंडून “आपण कृपया बाजूला व्हावं” असं निघालं की आमचे हे चपला शोधायला लागायचे.

निवृत्त होऊन ती नंदुरबारला आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आली, पण तिचा हात काही निवृत्त झाला नाही. समोर आलेल्या माणसाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त किती आहे ते पाहायचं, ही तिची सवय. दूधवाला, वाणी, मी शिकवते त्या शाळेतल्या मुख्याध्यापिका, कोणी सुटलं नाही. एका लग्नात आहेर द्यायला आम्ही स्टेजवर गेलो. मी पाकीट दिलं, ह्यांनी हात जोडले, आणि फुईनं नवरीची पापणी ओढली. “रगत कमी शे पोरना आंगमा,” असं म्हणून पिशवीतला गूळ-शेंगदाण्याचा लाडू काढून त्या नटलेल्या मुलीला तिथल्या तिथे खायला लावला. व्हिडिओवाल्यानं सगळं टिपलं. पुढे ती मुलगी बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा आधी फुईला भेटायला आली, हेही सांगायला हवं.

पण ह्या सगळ्या गमतीजमतींच्या तळाशी ती वही होती, आणि वहीत एक पान होतं. आमच्या सासऱ्यांच्या आईपुढे लिहिलं होतं : पोटात पाणी. सासऱ्यांची बहीण विसरवाडीला दिलेली होती, तिच्यापुढेही : पोटात पाणी. त्या बहिणीची मुलगी पन्नाशीच्या आत गेली. तिच्यापुढे : पोटात पाणी. ह्या तीन नावांभोवती फुईनं लाल पेन फिरवलं होतं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, पोटात पाणी हा आजार नसतो, ते पाणी कशानं झालं हे कोणी पाहिलंच नाही. मला तेव्हा तो तिचा नेहमीचा छंद वाटला. माणसं टपाल तिकिटं जमवतात, आमची फुई मरणं जमवते, असं मी शाळेत सांगून हशाही मिळवला होता. ते आठवलं की आज माझीच मान खाली जाते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. दोन ज्वारीच्या भाकरी सहज खाणारी फुई अर्ध्या भाकरीवर उठू लागली. “पोट गच्च वाटस. दोन घास खादात का बस,” एवढंच ती म्हणाली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. फुईनं त्या घेतल्या, आठ दिवस वाट पाहिली आणि नवव्या दिवशी वही घेऊन पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन बसली. मी सोबत होते. डॉक्टरांनी पान पाहिलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, “सिस्टर, अंडाशयाचा कॅन्सर हा बायकांचा आजार, तो आईकडून येतो. ही सगळी तुमच्या वडिलांकडची माणसं आहेत.” फुई म्हणाली, “मन्हा बापले माय नही व्हती का?” डॉक्टर हसले, पण सोनोग्राफीची चिठ्ठी त्यांनी लिहून दिली. डाव्या अंडाशयावर गाठ निघाली. लिंबापेक्षा थोडी मोठी.

आमच्याकडे मोठं दुखणं आलं की माणूस सुरतेला जातो. तिथल्या इस्पितळात एका तरुण, कमी बोलणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन केलं. गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, आतड्यांवरचा चरबीचा पडदा, सगळं काढून तपासायला पाठवलं. रोग त्या एका अंडाशयाच्या बाहेर गेलेला नव्हता. ह्या आजारात बाई दाखवायला येते तीच बहुतेकदा पोटभर रोग पसरल्यावर; इतक्या लवकर आलेली क्वचितच पाहायला मिळते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमच्या ह्यांनी खाली जाऊन पेढे आणले. “आक्का, देवनी मेहेरबानी शे. पहिलीच स्टेज शे,” असं म्हणत पेढा तिच्या तोंडाशी नेला. फुईनं मान वळवली. “पेढा राहू दे. गाठ कोनती जातनी शे ते येऊ दे आधी.”

गाठीची जात कळायला बरेच दिवस गेले. गाठीचा तुकडा आणि फुईचं रक्त, दोन्ही जनुकांच्या तपासणीसाठी दूर कुठेतरी पाठवलं होतं. अहवाल आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. त्यांनी सांगितलेलं मला आजही जवळजवळ शब्दशः आठवतं, कारण नंतर फुईनं ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. रोग कुठवर पोचला ते स्टेजवरून कळतं, पण रोगाचा स्वभाव कसा आहे ते स्टेजवरून कळत नाही. पहिल्याच स्टेजच्या दोन गाठी दोन तऱ्हांनी वागतात. एक कापून टाकली की संपते, दुसरी परत येते. फुईच्या गाठीतल्या पेशींमध्ये गुणसूत्रं जागोजाग तुटली होती, काही तुकडे हरवले होते, काही दुप्पट-तिप्पट झाले होते. अशी गाठ परत येण्याचा धोका जास्त. हे सगळं तुटलं, कारण तुटलेलं सांधणारं जे जनुक असतं तेच बिघडलेलं होतं. आणि तो बिघाड नुसता गाठीत नव्हता, रक्तातही होता. म्हणजे जन्मापासूनचा. मात्र ज्या गाठीला सांधता येत नाही, तिच्यावर केमोचा मारा चांगला लागू पडतो.

“म्हणजे चांगलं की वाईट, तेवढं सांगा,” फुई म्हणाली. पुस्तकी मराठी ऐकून आमचे हे खुर्चीत चुळबुळले.

“दोन्ही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “परत येऊ शकतो, म्हणून केमो घ्यायची. रोग केमोचं ऐकेल असं दिसतं, म्हणून आशा ठेवायची. इतक्या लवकर सापडलेल्या बायका थोड्या, त्यामुळे त्यांच्याबद्दल आमचं ज्ञानही थोडं. खात्रीनं काही सांगितलं तर मी खोटं बोलेन.”

फुईला ही बाई आवडली. तिनं वही पुढे सरकवली. डॉक्टरीणबाईंनी ते लाल पेनाचं पान दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि ह्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, “भावाचीही तपासणी करायला हवी.”

तोवर मी सगळं ऐकत होते ते फुईच्या काळजीनं. त्या एका वाक्यानंतर मला माझ्या मुलीशिवाय काही दिसेना. मेघा तेव्हा पंचवीसची होती. नवापूरला तिचं लग्न ठरलं होतं. मुलाकडे कोंबड्यांचे फार्म, माणसं शांत, मुलगा शिकलेला, दोघं फोनवर तासन्‌तास बोलायची. ह्यांचं रक्त तपासलं. तोच बिघाड निघाला. पुरुषाला त्याचा त्रास कमी, पण तो मुलांकडे जाण्याची शक्यता अर्धी. नाण्याच्या दोन बाजू. अहवाल आला त्या दुपारी हे अंगणात जाऊन नुसते उभे राहिले आणि मी मागच्या खोलीत फुईकडे गेले. तिची पहिली केमो होऊन गेली होती. ती भिंतीला टेकून बसली होती. मी तिचे पाय धरले.

“फुई, लग्न होऊ द्या. मग सांगू. आधी कळलं तर ते लोक मागे हटतील. चार महिन्यांचा प्रश्न आहे.”

तिनं माझे हात सोडवले. “सुनंदा,” ती म्हणाली, आणि मी ओळखलं की आता पुस्तकी मराठी येणार. “तीस वर्षं मी लोकांच्या घरातल्या गोष्टी पोटात ठेवल्या. नवापूरच्या लोकांना मी काही सांगणार नाही. ते सांगायचं की नाही, हे मेघा ठरवेल. पण मेघापासून मी लपवणार नाही. तिचं शरीर तिचं आहे. तुझं नाही, माझंही नाही.”

मी तिला नको ते बोलले. तुम्हाला लेक नाही म्हणून कळत नाही, असंही बोलले. त्याच संध्याकाळी फुईनं ह्यांना आणि मला समोर बसवून मेघाला सगळं सांगितलं. वही उघडून, नावावर बोट ठेवून, एकेक. मेघानं शेवटपर्यंत ऐकलं आणि मग एवढंच विचारलं, “फुई, तुले भेव वाटस का?”

“वाटस ना,” फुई म्हणाली. “पन मन्हं भेव कसानं शे ते माले माहीत शे. मन्ही आजीले तेबी माहीत नही व्हतं.”

मेघानं तपासणी करून घेतली. नाणं वाईट बाजूला पडलं. तिनं नवापूरच्या मुलाला स्वतः फोन करून सांगितलं. काय बोलली ते मला आजवर माहीत नाही. तो दोनदा येऊन भेटून गेला, तिसऱ्यांदा आला नाही. मग त्याच्या वडिलांचा ह्यांना फोन आला. माणूस सभ्य होता, आवाज खाली ठेवून बोलला, घरात मोठ्यांचं मन होत नाही म्हणाला. मेघानं त्या आठवड्यात साखरपुड्याची साडी घडी करून माझ्या कपाटात ठेवली आणि नाशिकच्या नोकरीचा अर्ज भरला. रडली असेल, पण माझ्यासमोर नाही.

मी फुईशी बोलणं टाकलं. एकाच घरात राहून न बोलणं किती कष्टाचं असतं ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. तिचं ताट मी दारापर्यंत नेऊन ठेवायची आणि पाठ फिरवायची. केमोनं तिच्या तोंडाला लोखंडासारखी चव आली होती, अन्न जात नव्हतं. धडगावहून एक दिवस तिच्या ओळखीच्या बायका जीप भरून आल्या, तिचं टक्कल पाहून काहीतरी पावरीत बोलून तिच्यासकट सगळ्या हसल्या, आणि जाताना आमचुराची पिशवी ठेवून गेल्या. त्या आमचुराच्या आंबट वरणावर फुईनं पुढचे दिवस काढले. ते वरण मीच करायची. बोलत नव्हते, तरी आमचूर जरा जास्त घालायची.

हे दर वेळी तिला सुरतेला न्यायचे. शेवटच्या केमोच्या दिवशी ह्यांना ताप होता, म्हणून मला जावं लागलं. गाडीत आम्ही समोरासमोर बसून खिडकीबाहेर पाहत गेलो. इस्पितळात तिला सलाईन लावलं. औषध थेंब थेंब पडत होतं, ती डोळे मिटून होती. मी तिच्या खांद्यावरची शाल सारखी करायला वाकले, तर तिनं मोकळा हात वर केला आणि माझी पापणी खाली ओढली.

“रगत कमी शे,” ती म्हणाली. “कितला दिवस व्हयनात, धड जेवत नही तू.”

मी तिच्याच पलंगाच्या कडेवर बसून रडले. शेजारच्या खाटेवरची बाई मला धीर द्यायला लागली. तिला वाटलं असावं, आजारी मीच आहे. फुईनं मला रडू दिलं. नंतर हळूच म्हणाली की मेघाचं लग्न मोडल्याचं तिलाही लागलं आहे, रोज लागतं. पण विसरवाडीची तिची आतेबहीण, वहीतलं ते तिसरं नाव, गेली तेव्हा तिला दोन मुली होत्या, आणि त्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. येताना आम्ही नवापूरलाच उतरलो आणि तिथून एसटीनं विसरवाडीला गेलो. टक्कल, हातावर सुयांचे काळे डाग, आणि काखेत वही. त्या मुलींनी दार उघडल्यावर फुईनं काय सांगितलं, ते वेगळं सांगायला नको. धाकटीनं आम्हाला चहासुद्धा विचारला नाही. थोरलीनं मात्र तपासणी केली. तिच्यात बिघाड निघाला. मुलं झालेली होती, तिनं विचार करून अंडाशयं काढून घेतली. धाकटी अजून आमच्याशी बोलत नाही. फुई दर सणाला तिला फोन करते, ती उचलत नाही.

मेघा नाशिकला आहे. ठरल्या वेळी तपासण्या करून घेते, डॉक्टरांनी सांगितलेल्या वयाचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का आहे. तिकडे तिला आवडलेला एक मुलगा आहे म्हणे. त्याला सांगून झालंय. पुढचं ती बघेल. मी विचारत नाही, म्हणजे रोज विचारत नाही.

आणि फुई आहे. केस पुन्हा आले, पण कुरळे आले, ह्याचा तिला फार राग आहे. मधे एकदा, रोग परतू लागला की रक्तात वाढते ती खूण थोडी वर गेली होती. पुढच्या तपासणीपर्यंतचे ते दिवस आम्ही घरात हळू आवाजात बोलत होतो. मग ती उतरली. उतरली म्हणजे संपलं असं नाही, हे आता आम्हाला कळतं.

गेल्या महिन्यात मी तिला घेऊन सुरतेला गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, आता तीन महिन्यांनी नको, सहा महिन्यांनी या. फुईनं विचारलं, आणि पुढे? त्या हसल्या, पण खोटं बोलल्या नाहीत. पुढचं पुढे पाहू, म्हणाल्या. बाहेर पडलो तेव्हा चांगलंच ऊन होतं. स्टेशनजवळच्या एका दुकानासमोर फुई थांबली. आत जाऊन तिनं तपकिरी चपलांचा एक जोड काढायला लावला, वाकवून पाहिला, शिवण ओढून पाहिली आणि दुकानदाराला विचारलं, टिकेल का? तो म्हणाला, “बा,” म्हणजे आई, “तीन साल गॅरंटी.”

फुई माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर असं हसू मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. “देख वं,” ती म्हणाली, “डॉक्टर सहा महिनानी देत नही, आन हाऊ तीन वरीसनी दी ऱ्हायना.”

तिनं चपला तिथेच पायात घातल्या. नव्या आहेत, आधी घरात वापरून सैल करा, एकदम एवढं चालू नका, असं तो दुकानदार मागून सांगत होता. मी सुटे घेऊन बाहेर आले तोवर फुई स्टेशनच्या पायऱ्या चढायला लागली होती, कठड्याला धरून, एकेक.